अंगठा बाजूला घे

१ डिसेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. फक्त कामाच्या नोंदी. रडगाणं नाही, ते माझ्या स्वभावात नाही. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, शीटवर कधी एक थेंब सांडला नाही.

सईचा पुण्याहून फोन. ११ जानेवारीला तिच्या आईचं वर्षश्राद्ध. म्हणाली, बाबा, तो आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावायचा नाही, त्यात आई घाबरलेली दिसते. तुम्ही इतकी वर्षं दर रविवारी तिला घेऊन स्केचिंगला जायचात, तुम्ही काढलेलं आईचं एक चित्र द्या. मी म्हणालो, एक कशाला गं, शंभर असतील. संध्याकाळपर्यंत काढून ठेवतो.

४ डिसेंबर, गुरुवार
चौदा स्केचबुकं तपासली. एकूण चित्रं ४१२. धरणाच्या भिंती, सांडवे, मोऱ्या, देवळं, पूल. एक बैल (शेपटीशिवाय, तो निघून गेला). विमल अजून सापडलेली नाही.

त्याला कारण आहे. माणसं हलतात. भिंत हलत नाही.

पुन्हा तपासणार. पण नुसतं तपासण्यात वेळ घालवण्यापेक्षा एका दगडात दोन पक्षी मारू असं ठरवलं: सगळी ४१२ चित्रं मोबाइलवर स्कॅन करायची, साफ करायची, इन्स्टाग्रामवर टाकायची. शिवाय जुन्या जागांवर पुन्हा जाऊन नवी स्केचेस, तिथल्या तिथे अपलोड. कर्जत, खालापूर, दोन्ही तालुके. या गडबडीत विमलचं चित्र आपोआप हाती लागेल. ११ जानेवारीपर्यंत फॉलोअर दहा हजार. हे जास्त वाटत नाही.

६ डिसेंबर, शनिवार
शिळफाट्याला मुनाफच्या मोबाइल दुकानात. स्कॅनिंगचं अ‍ॅप टाकून घेतलं. फारच हुशार अ‍ॅप. सावली काढतं, डाग काढतं. कागदावर बोट आलं तर स्वतःच विचारतं, बोट दिसत आहे, काढायचे का? मी म्हटलं, अरे, हे दहा वर्षांपूर्वी कुठे होतं!

कारण माझी जुनी पद्धत अशी: जागेवर चित्र पूर्ण झालं की तिथेच फोनने फोटो काढून सईला पाठवायचा. वाऱ्याने पान उडू नये म्हणून विमल ते दाबून धरायची. त्यामुळे एकूण एक फोटोत खालच्या डाव्या कोपऱ्यात तिचा अंगठा. दर रविवारी सांगायचो, अंगठा बाजूला घे. ती म्हणायची, घेते की, आणि पान उडालं की मला सांगू नका. तीनशेच्या वर फोटो, सगळे डिफेक्टिव्ह.

फोन भरलाय म्हणून अ‍ॅप नीट चालेना. मुनाफला म्हणालो, हे जुने सगळे उडव. तो म्हणाला, काका, बॅकअप घेऊ काय आधी, काकी दिसतात यात. मी म्हणालो, काकी नाही, काकीचा अंगठा. मूळ चित्रं घरी आहेत, आता क्लीन कॉपी होणार. मग उडवले. बिनमधूनही. फोन एकदम हलका झाला.

९ डिसेंबर, मंगळवार
पळसदरी धरण. पहिला दौरा. अ‍ॅक्टिवा, स्केचबुक, फोन, पॉवरबँक, डबा (शिळी पोळी). निघताना दाराआडची विमलची छत्री पायात आली. डिसेंबरात छत्री कशाला. परत ठेवली.

भिंत उत्तम आली. फोटो काढायला गेलो तर वाऱ्याने पान उलटलं. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मग दगडच फोटोत. दगड काढले, पान पाण्यात. काढून वाळवलं. आता भिंतीला ओल आल्यासारखी दिसते, ती काही खोटी नाही.

शिवाय ऊन. कागद इतका चमकतो की स्क्रीनवर नुसता पांढरा उजेड. पाठ करून उभा राहिलो तर माझीच सावली चित्रावर. पूर्वी हे प्रॉब्लेम येत नसत. तेव्हाच्या फोनचे कॅमेरे बरे असावेत.

अपलोड: एक. लाइक: दोन (सई, मुनाफ).

१४ डिसेंबर, रविवार
स्कॅनिंगमध्ये अडचण. मूळ चित्रांच्याही कोपऱ्यात पिवळे डाग आहेत. हळदीचे. स्वयंपाक करून तशीच निघायची, हात धू म्हटलं तर म्हणायची, धुतले की, हळद जाते होय लगेच. अ‍ॅप डाग काढतं, पण त्याबरोबर जवळची पेन्सिलही फिकी होते. पळसदरीच्या सांडव्याचं निम्मं पाणी गेलं.

उपाय सापडला. स्टीलची पट्टी, कटर, चारी बाजूंनी अर्धा इंच ट्रिम. चित्राला धक्का नाही, डाग मात्र समूळ गेला. खात्यात आम्ही असंच करायचो. आज एका बैठकीत नव्वद पानं. कागदाच्या पट्ट्यांचा ढीग झाला. गिझर बिघडलाय म्हणून सध्या परसातला बंबच चालू आहे, त्याला पेटवण उत्तम झालं. काही वाया गेलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार
पोशीर. भात कापून झालंय, खाचरं मोकळी. मोरीचं स्केच घेत होतो. शेतातली म्हातारी, हिरामणची आई, ओळखीची. दरवेळी विमलशी तास तास बोलत बसायची, मला व्यत्यय. ती आली नि म्हणाली, बाई नाय आल्या यंदा? आन् असं उन्हात कशाला बसलाव, छत्री नाय आनली?

मी म्हणालो, गावाला गेल्यात.

म्हणाली, येतील तवा सांगा, वाल ठेवलेत त्यांच्यासाठी, आवडतात त्यांना. गेली आणि पिशवी घेऊन आली. घ्यावी लागली.

विमलला वाल आवडत हे मला माहीत नव्हतं. मला आवडतात, म्हणून ती करते असं मी धरून चाललो होतो. मोरी नीट आली नाही. पर्स्पेक्टिव्ह चुकलं. अपलोड केली नाही.

२४ डिसेंबर, बुधवार
४१२ पैकी ४१२ ट्रिम. २६० अपलोड. फॉलोअर एकोणीस. एका कॉन्ट्रॅक्टरने कॉमेंट टाकली, भिंत मस्त, साइट कुठली सर? जाणकार माणूस.

विमलचं चित्र फेरतपासणीतही नाही. काळजीचं कारण नाही. ज्याने तेहेतीस वर्षं रोज एक चेहरा पाहिला, त्याला तो आठवणीतून काढता येणार नाही? उद्या काढतो. अर्धा तास पुरे.

२८ डिसेंबर, रविवार
काम चालू. अकरा प्रयत्न. कपाळ जमतं. कुंकू जमतं. डोळे काढले की ती आधारकार्डावरच्यासारखी घाबरते. नाक तर कुणा भलत्याच बाईचं. आज बसून विचार केला, विमलच्या नाकाला बाक होता की नव्हता? पळसदरीच्या सांडव्याचा उतार मला झोपेतून उठवून विचारा. नाकाचं सांगता येईना.

पेन्सिल खराब आहे. शिळफाट्याहून नवी आणणार.

३१ डिसेंबर, बुधवार
वार्षिक आढावा. जमेची बाजू: सर्व रेकॉर्ड डिजिटल, स्वच्छ, एकाही पानावर डाग नाही. नवीन वर्षाचे संकल्प: (१) रोज एक पोस्ट. (२) विमलचं पोर्ट्रेट ५ तारखेपर्यंत. (३) वाल निवडून भिजत घालणे, किडे लागायच्या आत.

५ जानेवारी २०२६, सोमवार
पोर्ट्रेट झालं नाही. सईचा फोन. विचारलं, मिळालं का बाबा. मी म्हणालो, फायनल टचेस चालू आहेत.

वाल भिजवले, मोड आणले. सोलायचे असतात हे शिजल्यावर कळलं.

८ जानेवारी, गुरुवार. दुपारी
आज दोन्ही तालुक्यांत कुठेच गेलो नाही. स्वयंपाकघरात बसून राहिलो. ही कामाची नोंद नव्हे, पण लिहितो. मला ती हवी आहे. समोर बसवून विचारायचं आहे की जरा इकडे बघ, नाक कसं आहे तुझं. पाच मिनिटं हलू नकोस. ती हलली नसती. ती कधी हलायचीच नाही, तासभर एका जागी बसायची माझ्या शेजारी. माणसं हलतात असं मी कुठल्या तोंडाने म्हणतो कुणास ठाऊक.

१० जानेवारी, शनिवार
सई आली. स्टेशनवर घ्यायला गेलो. चहा होईपर्यंत अकाउंट दाखवलं. ४१२ चित्रं, सगळी स्वच्छ. तिने शेवटपर्यंत स्क्रोल केलं. म्हणाली, छान आहे बाबा. मग चेहऱ्याचे प्रयत्न दाखवले. तिने एकेक बघितला आणि उपडा ठेवला. मी म्हणालो, मला जमत नाहीये, सई. तुला खोटं सांगितलं. एकही नाही.

ती म्हणाली, मला थोडं वाटलंच होतं. चेहरा राहू दे. ते जुने फोटो द्या ना, आईचा अंगठा असलेले. मी इतकी वर्षं बघतेय, चित्र येतं आणि कोपऱ्यात आईचा अंगठा येतो, की आई बरी आहे, बाबांबरोबर आहे. तेच एका ओळीत लावू उद्या. माझ्याकडचे जुना फोन दिला तेव्हा गेले, पण तुमच्याकडे तर सगळे असतील.

मी सांगितलं, साफ केले.

म्हणाली, म्हणजे? मी सांगितलं. मुनाफला फोन लावला. तो म्हणाला, काका, त्या दिवशी बिनपण रिकामी केली ना, आता नाय येत. मग सईने पानं मागितली. हळदीचे डाग असतील ना तिच्या हाताचे, म्हणाली. ट्रिम केलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली. वीस-पंचवीस पानं तशी बघितली असतील. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती आंघोळीची तयारी करायला आत गेल्यावर मी बंबाजवळची टोपली उपसली. सहा पट्ट्या उरल्या होत्या. सहाही वरच्या बाजूच्या. पांढऱ्या, एकदम स्वच्छ. बाकी तेरा वर्षांच्या रविवारांची सगळी हळद मी महिनाभर अंगावर ओतून घेतली आणि मला कळलंसुद्धा नाही. राखेत हात घातला. राख ती राख. तिथेच बसून रडलो. सईने आतून विचारलं, बाबा, पाणी तापलं का. म्हणालो, तापलंय.

११ जानेवारी, रविवार. सकाळी ८.४५
गुरुजी नऊला येणार. पहाटे उठून पेन्सिल घेतली. चेहरा नाही, अंगठा. हा मला येतो. तीनशे वेळा याच्यावर खेकसलोय. नखाशेजारी विळी लागल्याची आडवी खूण. सांध्यावर तीन सुरकुत्या, मधली खोल. नख आखूड, एका बाजूला किंचित तुटकं. खोडरबर एकदाही लागलं नाही. दहा मिनिटांत विमल कागदावर हजर. म्हटलं, जमलं, हरी, हे जमलं तुला.

सईला दाखवलं. तिने कागद दोन्ही हातांत धरला. रडली. हसली पण. विळीची खूण बघून म्हणाली, हीच. मग हात थोडा लांब करून पुन्हा बघितलं आणि हळूच म्हणाली, पण हा उजवा आहे, बाबा. आईचा डावा असायचा.

मी म्हणालो, शक्य नाही, ती उजव्या हाताची होती.

सई म्हणाली, हो. उजव्या हातात छत्री असायची ना.

बरोबर आहे. कागदावर ऊन येऊ नये म्हणून धरायची. छत्री कागदावर आणि माझ्यावर. ती बाहेर, उन्हात.

चित्र उजव्याचंच लावलं आहे. दुसरं काढायला वेळ नाही, गुरुजी आले. छत्री दाराआडून काढून सईने पाटाशेजारी ठेवली आहे. आज पोस्ट नाही.