दोन घरं पुढे, एक घर मागे

प्रिय खिडकी,

आधी मुद्द्याचं. सोमवारी नर्सिंग कॉलेजातून नाव काढून घेऊ नकोस. सरांनी तुला दौऱ्याचं, व्यासपीठाचं, वर्तमानपत्रातल्या फोटोचं काय काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे. तुला दुसऱ्याच्या मनातलं कळतं, असं आमची अख्खी प्रयोगशाळा म्हणत होती, मीसुद्धा. ते खरं नाही. तू लबाडी केलेली नाहीस, कोणीच केलेली नाही. हे वाचून तुझ्या पायाखालची जमीन सरकेल. माझी परवाच सरकली, म्हणून पत्र जरा वेडंवाकडं झालं तर समजून घे.

भिंतीपलीकडे काय चालायचं ते तुला कधी दाखवलं नाही. माझ्यापुढे पाच चित्रं ओळीनं मांडलेली असायची: वर्तुळ, फुली, लाटा, चौकोन, चांदणी. घंटी वाजली की त्यातलं एक मी निवडायचं, त्याच्याकडे टक लावून बघायचं आणि तू तुझ्या लाडक्या खिडकीशी बसून ते ओळखून लिहायचं. निवड माझी, मनाला येईल ती. मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, सर, चिठ्ठ्या टाकून ठरवू या, माणसाच्या मनाला काहीही आपोआप येत नसतं. सर हसले. "अगं, चिठ्ठीला मन असतं का? आपला प्रयोग मनाचा आहे!" मी चित्रं मांडायला घेतली.

नुसत्या अंदाजानं पाचात एक बरोबर यावं. तुझी जवळजवळ निम्मी यायला लागली. सरांनी सगळ्यांना कॉफी पाजली, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले, इतका आनंद झाला होता. पण मला आनंद झाला की पाठोपाठ धास्ती वाटते. आकडे तपासायचं कामही माझंच, म्हणून एक उलटी तपासणी केली. तुझी उत्तरं त्याच दिवसाच्या चित्रांशी न लावता, त्याआधी मी दुसऱ्या कोणासाठी निवडलेल्या चित्रांशी लावली. तेव्हा तू आमच्याकडे येतही नव्हतीस. तुला खरोखर माझ्या मनातलं कळत असेल, तर ही जुळणी कोसळायला हवी. ती कोसळली नाही. मला वाटलं, कागदांची सरमिसळ झाली. पुन्हा लावले. दुसऱ्या दिवसाचे घेतले, तिसऱ्या दिवसाचे घेतले. तेच.

मग कारकून काकांना माझ्या खुर्चीत बसवलं. ते कुरकुरले, "माझ्या मनात फक्त जेवणाची सुट्टी असते, ओळखू दे तिला." त्यांच्या चित्रांशी तुझी उत्तरं पाचात एक. बाकीच्यांची उत्तरं माझ्या चित्रांशी, तीही पाचात एक. जुळत होतं ते फक्त तुझं नि माझं. सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "बघ! तुम्हा दोघींच्या तारा जुळल्यात!" पण तारेवरून निरोप यायचा तर त्या त्या दिवसाचा यायला हवा ना? इथे कुठलाही दिवस कुठल्याही दिवसाशी जुळत होता. म्हणजे निरोप नव्हताच. आपण दोघी आपापल्या खोलीत, नकळत, एकाच चालीनं चित्रं निवडत होतो.

ती चाल मी कागदावर मांडली आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. सुरुवात मधल्या चित्रापासून. दोन घरं पुढे, एक घर मागे. टोक आलं की वळून पहिल्या चित्रावर. फेरी पुरी झाली की तेच चित्र पुन्हा एकदा. कधी तू चुकायचीस, कधी मी, म्हणून सगळं जुळत नव्हतं, एवढंच.

मी शाळेत उशिरा गेले. सुरुवातीचं सगळं बाबांनी घरी शिकवलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. कामाच्या टेबलावर घड्याळांची पाच झाकणं मांडायचे, माझं बोट धरायचे आणि आकडे म्हणत चालवायचे. दोन पुढे, एक मागे. "पळू नकोस गं, मागे बघ, काही सांडलं का." फेरी संपली की बोट तिथंच दाबून धरायचे. का, असं विचारलं की म्हणायचे, "श्वास घ्यायला." आई आतून ओरडायची, "पोरीला गणित शिकवताय की नाच?" मी नऊ वर्षांची असताना बाबा एका जहाजावरचं घड्याळ दुरुस्त करायला गेले. त्यांना नेणारी होडी उलटली. त्यांचा देह मिळाला नाही. आई अजून समुद्राच्या बाजूच्या रस्त्यानं जात नाही.

तुला आठवतं, एकदा चहा पिताना तू म्हणालीस, "मला बाबांनी घरीच शिकवलं. शाळेत गेले तर मुली हसायच्या, बेरीज करताना माझं बोट नाचतं म्हणून." मी म्हटलं, माझंही नाचतं. दोघी किती हसलो! तुझे बाबा काय करतात म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस, "बारीक काम असतं त्यांचं. डोळ्याला भिंग लावून बसतात." तेव्हा मी पुढे काही विचारलं नाही.

सरांना द्यायच्या अहवालात चालीपर्यंतचं सगळं लिहिलंय. ती कोणाची, ते लिहिलेलं नाही. ते फक्त तुला. तू माझ्याहून सात वर्षांनी लहान आहेस. म्हणजे होडी उलटली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. ही वजाबाकी मी एकदा केली, पुन्हा करून बघायचा धीर झाला नाही. दोन अनोळखी घरांत दोन बापांनी हीच चाल शिकवली असेल, याची शक्यताही काढली. फार लहान आहे, पण शून्य नाही, आणि एका जुळणीवर निकाल द्यायचा नसतो. म्हणून माझ्यासाठी एवढं कर. तुझ्या बाबांपुढे पाच बटणं ओळीनं मांड आणि म्हण, मनाला येईल तसं बोट ठेवत जा. माझ्याबद्दल अवाक्षर काढू नकोस. सुरुवात मधल्या बटणापासून झाली नाही, तर लगेच कळव. मी आनंदानं रडेन, बहुतेक आनंदानंच. झाली, आणि फेरीअखेर बोट तिथंच थांबलं, तर विचार, का थांबलात? ते जे म्हणतील ते जसंच्या तसं लिही. आणि काहीही झालं तरी लिहीच. उत्तर आलं नाही तर त्यावरून काही ठरवायचं नाही, असा आमचा नियम आहे. तू पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणतेस, मला ते फार आवडायचं. तुझं पत्र येईपर्यंत म्हणू नकोस.

तुझीच,
भिंतीपलीकडची