चमच्यावरची हजेरी

नाही ताई, तू गप्प बस, आधी मला बोलू दे! "लग्न झालं आणि रेमिहियोला बहिणीची पोरं जड झाली," असं अख्ख्या ओव्हाये गावात सांगत फिरतेस म्हणे. फिर. (दुखरी कंबर तेवढ्यापुरती चालते हे कळून बरं वाटलं. भावोजींना नमस्कार, कोंबड्यांना आशीर्वाद.) पण या सुट्टीत पोरांना समुद्रावर पाठवू नको असं का कळवलं, ते वाच.

शिंपल्यांची पिल्लं वाढवायच्या जाळ्या घासायचा मला किती कंटाळा, तुला ठाऊकच आहे. म्हणून यंदा त्या मी तांब्याच्या खाणीच्या जुन्या धक्क्याखाली टांगल्या. तिथे दोराला शेवाळ धरत नाही, पाणी काचेसारखं. म्हातारा डॉन एलेओदोरो ओरडला, "अरे आळशा, जिथे शेवाळ जगत नाही तिथे तुझी पिल्लं कशी जगणार?" मी म्हटलं, जळतोय. (त्याच्या जाळ्यांना शेवाळाची दाढी, माझ्या मात्र नवरीसारख्या!) मग मला बघून चार घरांनी आपल्या जाळ्या तिथेच आणल्या. मी खुर्ची टाकून सल्ले देत होतो.

तुझी भावजय नोल्फा रोज सकाळी पिल्लांची हजेरी घ्यायची, तूच शिकवलेली: मूठभर पिल्लं वाडग्यात, काठावर चमचा वाजवला की सगळी खटाखट मिटतात. परवा वाजवला. एकही मिटलं नाही. मेली असतील म्हणून मी वाकलो. जिवंत होती गं. कवचं वाकडी वाढलेली, कडेला कड लागेना. मिटताच येत नव्हतं. आणि कडेने ते टाचणीच्या टोकाएवढे डोळे असतात ना, ते सगळे उघडे. मी वाडगं फिरवलं, तरी माझ्याकडेच. धक्क्यावरून खाली पाहिलं, तर जाळ्याजाळ्यांतून तेच.

डॉन एलेओदोरो हसला नाही. टोपी काढली. म्हणाला, "वीस वर्षं इथून खाणीची उरलेली तांब्याची माती समुद्रात ओतली आम्ही. तळाशी तीच आहे."

तुझी पोरं त्याच धक्क्यावरून उड्या मारतात. म्हणून नको म्हटलं. झालं समाधान?

तुझा आळशी भाऊ,
रेमिहियो

ता. क. तुझ्या कंबरेला मदत हवी, असं सांगून नोल्फाला पाठवलंय. तू हे वाचताना ती समोरच बसली असेल. तिचं पोट बघून ओरडू नकोस, सहावा महिना आहे, तुला सणाला सांगणार होतो. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस.

आणखी एक. जाळीतून गळालेली पिल्लं ती रोज रश्शात टाकून खायची. आज सकाळी हसत हसत तिने पोटावर चमचा वाजवला. एरवी लगेच लाथ बसते. आज नाही. तिला काही कळू न देता, तुझी कंबर दाखवायची म्हणून तिला सोबत घे, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. मी आलो असतो, पण त्या चार घरांत कुणी खाण्याआधी त्यांच्या जाळ्या कापायच्यात. गाडी सुटतेय, पाकीट तिच्या हातात देतो. निघालो.