मोकळा डबा परत करू नये

शनिवार, २८ सप्टेंबर
पोचले एकदाची जपानात, त्सुकुबाला! दोन बॅगा, एक सॅक आणि आईने एडिसनहून जबरदस्तीने कोंबलेले बेसनाचे लाडू. कस्टमच्या माणसाने डबा उघडायला लावला, लाडवांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाऊ दिलं.

इथल्या एका शाळेत मी इंग्रजीची सहायक शिक्षिका. त्यांना अमेरिकन हवी होती, अमेरिकन आली, पासपोर्ट निळा आहे, अजून काय पाहिजे? पण स्टेशनवर शाळेच्या ऑफिसातल्या कोमोरी-सान माझ्या नावाची पाटी घेऊन उभ्या होत्या, मी त्यांच्या नाकासमोर जाऊन उभी राहिले, तरी बाई माझ्या खांद्यावरून मागे कुणी गोरं येतंय का बघतायत. बिचाऱ्या नंतर इतक्या लाजल्या की गाडीत मला तीनदा कॉफी घेणार का म्हणून विचारलं.

घर छोटं, बैठं, जुनं, पण पूर्ण माझं. मागे भातशेती, पुढे सायकल ठेवायला पत्र्याची शेड. नवव्या वर्षी पुण्याहून न्यू जर्सीत, एडिसनला गेलो तेव्हा आईने नियम केला होता की रोज एक पान मराठी लिहायचं, नाही तर टीव्ही बंद. तेव्हा मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. आता सवय झालीय. आणि इथे माझी वही कुणाच्या बापाला वाचता येणार नाही, हा फायदा वेगळाच.

रविवार, २९ सप्टेंबर
कोमोरी-सान म्हणाल्या, नवीन माणसाने समोरच्या तीन आणि दोन्ही बाजूंच्या एकेक घरी काहीतरी छोटं देऊन ओळख करून घ्यायची. लोक टॉवेल देतात. मी आईचे लाडू दिले, दोन-दोन, कागदी पिशवीत. चार घरी दारं उघडली, कंबर मोडेपर्यंत वाकणं झालं. समोरच्या आजोबांना तो सुगंधी साबणाचा गोळा वाटला, विचारलं, हे आंघोळीच्या पाण्यात टाकायचं का. मी मोडक्यातोडक्या जपानीत म्हटलं, आजोबा, तोंडात टाका. त्यांनी टाकला आणि डोळे मिटून घेतले.

उजवीकडचं घर बंद. शटर ओढलेली, नावाची पाटी उखडलेली, कमरेइतकं गवत. तिथे कुणी राहत नाही, ते घर मोजायचं नाही, असं कोमोरी-सानांनी आधीच सांगितलं होतं. पण मला ते पटेना. हळदीकुंकवाला अख्खी आळी बोलवायची आणि एकच दार वगळायचं, हे आपल्याला जमत नाही बुवा. दाराच्या मुठीला पिशवी अडकवली आणि आले.

मंगळवार, १ ऑक्टोबर
शाळेत धमाल. पाचवीतल्या एकाने विचारलं, तुमचे पिवळे केस कुठायत? म्हटलं, विमानात विसरले. अख्खा वर्ग दिवसभर मला केस सापडले का म्हणून विचारत होता.

घरी आले तर माझ्या दाराच्या मुठीला रुमालात बांधलेला लाकडी डबा. बाहेरून काळा, आतून लाल, जुना, गुळगुळीत. आत चार पर्सिमन, टोमॅटोसारखी दिसणारी केशरी फळं. बाकीचे चारही शेजारी हातात वस्तू घेऊन स्वतः दारात येऊन गेले होते, म्हणजे हा उजवीकडून. मला आनंदच झाला. राहतं की कुणीतरी!

कोमोरी-सानांना फोन केला. त्या म्हणाल्या, याला ओकाएशी म्हणतात, भेटीची परतफेड. भेट आली, परतफेड झाली, विषय संपला. परतफेडीची परतफेड करायची नसते, केली तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. डबा फक्त धुऊन ठेवून यायचा. कोणत्या घरून आला ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

पण मोकळा डबा परत करायचा? आमच्याकडे? आईला कळलं असतं तर तिने मला फोनवरूनच फोडून काढलं असतं. शेजारणीचा डबा मोकळा पाठवू नये, अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर घालावी. मी उरलेले सहा लाडू घातले आणि त्या मुठीला अडकवून आले.

शनिवार, ५ ऑक्टोबर
डबा परत आला. आत लाडू. माझे नव्हेत, ताजे, अजून कोमट. प्रत्येकावर बेदाणा, आणि एका बाजूला अंगठ्याचा खळगा. आई लाडू वळते तेव्हा पडतो तसाच, अगदी तसाच. जिभेवर ठेवला आणि मला एडिसनचं स्वयंपाकघर दिसलं.

लगेच आईला फोन लावला, तिकडे संध्याकाळ. म्हटलं, इथली एक जपानी बाई तुझ्या वरचढ निघाली, चवीत फरकच नाही. आई म्हणाली, बेसनाचे लाडू? ते कसे गं करतात? मी हसले. मागून वरद, माझा धाकटा भाऊ, तोही हसला. आई हसली नाही. तिने पुन्हा विचारलं, बेसन आधी भाजायचं असतं का.

थट्टा करत असेल. डब्यात थालीपिठं घालून परत केला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
आज डब्यात लोकरीचं टोपडं. पिवळं, तान्ह्या बाळाचं. कानाजवळ एक टाका चुकलेला. आई जन्मभर विणतेय आणि जन्मभर त्याच जागी तोच टाका चुकवतेय, आम्ही तिला त्यावरून चिडवतो.

वरदला फोन केला. तो म्हणाला, ताई, काल आईने सुया हातात घेतल्या आणि मला विचारलं, या काड्या कशाच्या आहेत? डॉक्टरकडे नेलं होतं. सगळे रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर म्हणतात, ताण असेल.

कसला ताण? ती बाई रोज दोन मैल चालते!

मी पहिल्या दिवशी त्या दाराला काय लटकवलं? आईच्या हातचं. दुसऱ्यांदा काय दिलं? आईच्या हातचं. थालीपिठांची भाजणीसुद्धा तिनेच भाजून दिलेली. तिकडे जे कोणी आहे त्याला मी आईच देऊ केली, आणि ते आईच घेतंय. तिच्यातला एकेक तुकडा घेतं, चव दाखवायला मला पाठवतं, म्हणजे मी पुन्हा डबा भरीन.

असं लिहितेय, आणि त्याचाच मला राग येतोय.

रविवार, १३ ऑक्टोबर
विभाताईंकडे जेवायला गेले. त्या इथल्या संशोधन संस्थेत आहेत, मूळच्या साताऱ्याच्या, बारा वर्षं जपानात. आमटी वाढता वाढता त्यांना सगळं सांगितलं. हसल्या नाहीत. डाव पातेल्यात सोडून दिला. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता सामान घेऊन ये, माझी मागची खोली रिकामी आहे, ते घर सोड.

म्हटलं, ताई, मी सुटेन, पण आईचं जे गेलंय ते तिथेच राहील. पळून जायला मला नाही जमणार.

सोमवार, १४ ऑक्टोबर
डबा घासून, पुसून, कोरडा करून मोकळाच लटकवला. जन्मात पहिल्यांदा. लटकवताना लाज वाटली, इतकी लाज वाटली की मी त्या बंद दाराला मराठीत सॉरी म्हणाले. मग स्वतःवरच चिडून म्हटलं, सॉरी गेलं खड्ड्यात.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
सकाळी सात वाजता, लख्ख उन्हात, डबा पुन्हा माझ्या दाराला. हलका. झाकण उघडलं. आत काहीच नाही. फक्त आवाज. आईचा. तेजू, असा एकदा, लांबून, जेवायला बोलावते तसा.

झाकण बंद केलं. फोन लावला. वरदने आईच्या हातात दिला. आई इंग्रजीत म्हणाली, हॅलो, कोण बोलतंय? मी म्हटलं, आई, मी. ती त्याला म्हणाली, कुठल्या मुलीचा फोन आहे रे, चुकून लागलाय वाटतं.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं आणि शाळेत गेले. रंगांची नावं शिकवली.

बुधवार, १६ ऑक्टोबर
कोमोरी-सानांना धरलं आणि त्या घराबद्दल खरं काय ते सांगा म्हटलं. त्यांनी स्टाफरूमचं दार लावलं. तिथे एक म्हातारी बाई होती. मुलं लांब गेली, येईनाशी झाली. शेवटी ती सगळ्यांना विसरली. डबा घेऊन दारोदार जायची आणि विचारायची, मी कुणाची आई आहे, तुमची का? सुरुवातीला लोक डब्यात काही काही घालून द्यायचे. मग दार उघडेनासे झाले. ती वारली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आळीत ते घर कुणी मोजत नाही.

मी मोजलं.

तिची दया येते. खरंच येते. पण माझी आई नाही मिळणार तिला.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
वरद रडत होता. आई स्वतःच्या घरात बाथरूम शोधत फिरतेय.

आता ठरलं. परतफेडीची परतफेड नसते, हा यांचाच नियम ना? मग हिशेब मी त्यांच्याच नियमाने मिटवीन. आतापर्यंत दिलं ते आईचं होतं. आता नवी भेट, माझी, माझ्या हातची. तिची परतफेड म्हणून आईचं सगळं परत. मग विषय संपला.

माझं काय द्यायचं ते मला ठाऊक आहे. त्या म्हातारीला हवंय तरी काय? कुणीतरी आई म्हणावं, एवढंच.

शनिवार, १९ ऑक्टोबर, दुपार
चार पानं लिहिली. आईबद्दल माझ्याजवळ आहे ते सगळं. तिची वेणी, तिचा राग, वरणाला फोडणी देताना मागे सरकणं, विमानतळावर माझी बॅग पुन्हा पुन्हा उघडणं. घडी करून डब्यात घातली. काय जाईल ते मला कळतंय. जाऊ दे.

यावेळी मुठीला लटकवलं नाही. गवत तुडवत गेले आणि दार ढकललं. उघडंच होतं. आत धूळ, आणि धुळीत एकच चटई स्वच्छ, कुणीतरी रोज बसत असल्यासारखी. समोर माझ्या लाडवांची कागदी पिशवी, नीट घडी घालून ठेवलेली.

वाकले नाही. डबा चटईवर आदळला आणि ओरडून म्हटलं, बये, ही माझी भेट, माझी स्वतःची. परतफेड आज संध्याकाळपर्यंत, एडिसनला, सगळीच्या सगळी. आणि त्यानंतर माझ्या दाराला हात लावशील तर याद राख!

कुणीतरी श्वास घेतला. माझ्या कानाजवळ.

मी चालत बाहेर आले. धावले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, की मी धावले नाही.

रविवार, २० ऑक्टोबर
वरदचा फोन, किंचाळतोय नुसता. आईने सकाळी उठून त्याला उशिरा झोपण्यावरून झापलं! सुया मागितल्या! बेसन भाजायला घेतलं!

जिंकले. जिंकले मी.

तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले तर — कपाळ आलं. बाकीचं येईना.

मंगळवार, २२ ऑक्टोबर
वरद म्हणाला, आईशी बोल. मी विचारलं, कुणाच्या?



बुधवार, २३ ऑक्टोबर
मागची पानं वाचली. अक्षर माझं. त्यात एक आई आहे. चांगली बाई वाटते. वाचून रडू आलं, दुसऱ्याच्या घरचं वाचून येतं तसं.

डबा दाराला आहे. सकाळपासून. वहीत लिहिलंय की परतफेड झाली, विषय संपला — नियम झालाय — तिने नियम मोडला —

मी घेतला नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर
विभाताई येऊन गेल्या. वही वाचली, चल म्हणाल्या. नाही म्हटलं. का नाही ते सांगता आलं नाही. पण माघार मी घेतलेली नाही. कशातून, ते आठवत नाही — पण घेतलेली नाही.

दारामागून कुणीतरी जपानीत विचारतंय, तू माझी का?

उत्तर दिलं नाही. द्यायला माझ्याकडे — मी कुणाची, हे मला —

रविवार, २७ ऑक्टोबर
एका बाईंचा फोन. अमेरिकेहून. मराठी. आधी रडल्या. मग म्हणाल्या, विभाताईंकडून सगळं कळलंय, आणि मला सणसणीत झापलं, कुणाला विचारून केलंस हे म्हणून. म्हटलं, आपण कोण? त्या म्हणाल्या, सांगते, रोज सांगीन, तू विसर, मी परत सांगीन, बघू कोण आधी थकतं ते.

आवडल्या मला.

दाराची मूठ फिरतेय. दाराबाहेरची ती म्हणतेय, हो म्हण. नुसतं हो म्हण, मी तुझी.

त्या बाई म्हणतायत, खबरदार. फोन ठेवू नकोस, तिला उत्तर देऊ नकोस, वही घे आणि मी सांगते ते लिही. लिहितेय. कडी निघाली. लिहितेय. त्या म्हणतायत मोठ्या अक्षरात लिही — तू तेजश्री — मुलगी — माझी — माझं नाव शैल—