हाडामागची सावली

कोथरूड, ३ जानेवारी १९९५

ती. सुहासताईस, सा. न. वि. वि.

आईच्या छातीचा एक्स-रे काल फोनच्या तारेवरून तुझ्या रुग्णालयातल्या संगणकावर पाठवला. पूर्ण चित्र पाठवायचं तर फार वेळ लागतो. माणसाच्या डोळ्याला जे जाणवत नाही, ते आमचा प्रोग्रॅम आधीच गाळतो. ऑफिसातल्या सगळ्यांना मूळ आणि गाळलेलं चित्र शेजारी ठेवून दाखवलं. फरक कुणालाच सांगता आला नाही. वीस तारखेला आरोग्य खात्याचे साहेब बघायला येतील. पसंत पडलं तर खेड्यापाड्यांतले एक्स-रे असेच जातील.

आईचा खोकला आहेच. फिल्म इथे कुणाला दाखवू देत नाही. पोटची डॉक्टरीण असताना परका कशाला, म्हणते. लौकर कळव.

लोभ आहे तसाच ठेव.

यज्ञेश्वर

सोलापूर, ६ जानेवारी

चि. यज्ञेश्वर, अ. उ. आ.

चित्र स्वच्छ आहे. आईला फोनवर तसं सांगितलं. मग खोकते ती शेजारीण असेल, म्हणाली. हसले, पण नंतर चैन पडेना. संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन, यांच्याशी हे चित्र जुळत नाही. मूळ फिल्म एसटीच्या पार्सलने ताबडतोब पाठव.

लोभ आहेच, आधी फिल्म.

सुहासिनी

सोलापूर, ११ जानेवारी

चि. यज्ञेश्वर, अ. उ. आ.

फोन आईच्या खाटेजवळ असतो, म्हणून लिहिते. फिल्म मिळाली. तिच्यात उजवीकडे वर, गळ्याजवळच्या हाडामागे पुसट सावली आहे. क्षयाची वाटते. तुझं चित्र पुन्हा शेजारी लावलं. त्यात तिथे नुसतं हाड आहे.

तुझ्या ऑफिसातल्यांना ती मूळ फिल्ममध्येही दिसली नसती. मला दिसली असती. तुम्ही डोळा मोजलात, पण कुणाचा? आईला लगेच थुंकी तपासायला ने. वीस तारखेचं तू ठरव.

लोभाबद्दल आज लिहीत नाही.

सुहासिनी

कोथरूड, २१ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. औषध सुरू झालं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

काल साहेबांपुढे आईचीच दोन चित्रं लावली. सगळे पुढे वाकून बघत होते. काहीच फरक नाही म्हणाले, टाळ्या वाजवल्या. आमचे प्रमुख माधवराव माझ्याकडे बघून हसले. मग मी मूळ चित्रातल्या हाडाजवळ बोट ठेवलं आणि सांगितलं, की ही माझी आई आहे, तिला क्षय झालाय, आणि दुसऱ्या चित्रात तो नाही.

मंजुरी मिळाली नाही. माधवराव बोलत नाहीत. पुढच्या चाचणीला ऑफिसातलं कुणी नको. तू ये, तुझ्यासारखे आणखी आण. तोवर फिल्म एसटीनेच जाऊ देत.

आईला सगळं सांगितलं. परक्या पुरुषांपुढे माझा फोटो लावलास, तोही नेमका चेहरा नसलेला, म्हणाली. मग खोकली. मी तिच्या उजव्या खांद्याकडे बघत राहिलो. काही दिसत नव्हतं.

लोभाचं लिहिशील तेव्हा लिही.

यज्ञेश्वर