शिक्का दत्ताच्या खिशात

ता. ३, मंगळवार
मल्लव्वा सकाळीच दारात. हातात तहसीलचा कागद. गायरानातलं घर सोळा तारखेच्या आत मोकळं कर, न्हायतर पाडणार. उन्हावर वीज करणारी कंपनी येणार तितं. म्हणाली, "अक्का, तू सरपंच हाईस की. तुला ठाऊक न्हाय?"
न्हाय ठाऊक. भाकरी थापत होते, थापतच राहिले. तीस वर्सं झाली तिला तितं. नवरा त्याच घरात गेला.

ता. ४
एस.टी.नं सोलापूर. तहसीलदार पोरगेलाच. "आजी, तुमच्याच पंचायतीनं ना-हरकत दिलीय."
म्हटलं, पंचायत म्हंजे मीच की.
"मग तुम्हीच दिलीय."
येताना वाटेतलं वळसंग गाव कधी गेलं कळलं न्हाय.

ता. ५
पंचायतीत गेले. माझ्या खुर्चीत दत्ता, माझा ल्योक. रोजचंच. बाईची जागा निघाली म्हणून मला उभं केलं. निवडून मी आले, बसतो तो. शिक्का त्याच्याच खिशात. मी दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत.
ग्रामसेवक बाईंनी रजिस्टर उघडलं. ठराव : 'सदर जागेवर कोणी राहत नाही.' खाली सही माझी. शेजारी शेंगाचटणीचा तेलकट डाग. जेवता जेवता केलेली. दत्ता कोरं पान आणायचा, "आये, हितं कर, मजकूर मागनं लिव्हतो." मला सही येते ह्याचाच लई तोरा. आंगठा देणारा तरी आधी भितो.
दत्ताला म्हटलं, मल्लव्वा दिसत न्हाय व्हय तुला?
"आये, गावात दिवे लागतील, पोरं कामाला लागतील. एका म्हातारीपायी घालवू?"
म्हटलं, तुझ्या घरात बी एक म्हातारी हाय.

ता. ६
बाई एकट्या सापडल्या. इचारलं, पंचायतीच्या वर कोण? वाटलं तहसीलदार म्हणतील. "ग्रामसभा. गावातले सगळे मतदार. तुम्ही त्यांना उत्तर द्यायचं."
म्हंजे पंचायत सून, ग्रामसभा सासू. अन् सासू आजवर झोपलेली.
बाई म्हणाल्या, सभेनं ठराव फिरवला तर कागद तहसीलला देता येईल. पण शंभर माणूस बसाय पायजे. म्हटलं काढा नोटीस.
"शिक्का दत्ताभाऊंकडे असतो." मग हळूच, "सही तुमची लागते. शिक्का रबराचा आहे."
चौदाला सभा. ह्या बारीला मजकूर आधी लिव्हून घेतला. बोट ठिवून वाचला. मग सही.

ता. ९
दारोदार हिंडले. व्हय व्हय म्हणतात समदे, डोळ्याला डोळा कोण देत न्हाय. चुलत जाऊ म्हणाली, "मायलेकाचं भांडण हाय, आमी कशाला मधी?" म्हटलं, उद्या तुझ्या घरावर असाच ठराव होईल, तवा बी घरातच बस.
दत्ता घरात बोलत न्हाय. ताट मात्र चाटून पुसून.

ता. १२
मल्लव्वानं शेळ्या इकाय काढल्या. म्हटलं, दोन दिस थांब.
"कशाच्या जिवावर थांबू, अक्का?"
तिच्या चुलीपाशी बसून आले. घर हाय. चूल पेटती हाय. मी लिव्हून दिलंय की कोणी राहत नाही.

ता. १४, शनिवार
पंचायत. पैल्यांदा खुर्चीत बसले. पाय भुईला टेकत न्हाईत.
दहाची सभा. हजेरीत पैला आंगठा मल्लव्वाचा. आतापातुर एकसष्ट. बायकाच जास्त. चुलत जाऊ बी आली, मागं बसलीय. रस्त्यापलीकडं चाळीस-पन्नास जण उभे, मधी दत्ता, हात खिशात. त्यो आत आला की समदे येतील. त्यो येत न्हाय.
बाई म्हणाल्या, "अर्धा तास बघू. नाही जमले तर सभा पुढं ढकलावी लागेल."
पुढं म्हंजे सोळाच्या पुढं. तवर घर ऱ्हातंय का.
दारातनं हाक मारली, "दत्त्या, तू बी मतदारच हाईस. आत येऊन माझ्या इरोधात हात वर कर. पण आत ये."
समदे त्याच्या तोंडाकडं बघाय लागले.
आत येऊन बसलेय. वहीत हे लिव्हतेय. मान वर करीत न्हाय. पायरीवर चपला वाजतायत, कुणाच्या ते बघितलं न्हाय, पण एकाच्या न्हाईत.