आठ वाजता, फाटकाशी

रोम, २८ डिसेंबर १९९५

ती. यशीताईस, मेकुरियाचे गालाला गाल लावून तीनदा न. वि. वि.

कंपनी मला दार-ए-सलामला धाडते आहे. वाटेत विमान अदिस अबाबाला थांबेल. गुरुवारी, २५ जानेवारीला, आठ वाजता उतरतो, दोन वाजता निघतो. अठरा वर्षांनंतर सहा तास! घरी येऊ ना? आईच्या मातीला आलो नाही, म्हणून विचारतो.

तुझा,
मेकुरिया

अदिस अबाबा, ९ जानेवारी १९९६

चि. मेकुरियास, अ. आ.

स्वतःच्या घरी यायला परवानगी मागतोस, म्हणजे पुरता पाहुणा झालास. आईने शेवटपर्यंत तुझी वाट पाहिली, हे मी विसरलेले नाही. पण ते समोर बसवून ऐकवीन, कागद पुरायचा नाही.

शेजारच्या आस्कालेचला सांगितलं, तर तासाभरात अख्ख्या गल्लीत झालं. तिने विचारलं की भाऊ अजून हाताने जेवतो का. म्हटलं, विसरला असेल तर भरवीन. कोंबडीचं तिखट कालवण करते आहे, बारा अंडी घालून.

आठ वाजता विमानतळाच्या फाटकाशी असेन, पांढरी शाल पांघरून. तिथे सगळ्याच बायकांच्या शाली पांढऱ्या. तोंड रागावलेलं असेल, ती मी.

वाटेकडे डोळे लावलेली,
यशीमेबेत

दार-ए-सलाम, २६ जानेवारी

ती. ताईस, दुरूनच नमस्कार.

काल ठरल्या वेळी उतरलो. फाटकाशी शाली पुष्कळ होत्या, रागावलेलं तोंड एकही नव्हतं. तासभर थांबून घरी आलो, तर कुलूप. आस्कालेचबाई म्हणाल्या, तू उजाडतानाच निघून गेलीस. त्यांनी बिया भाजून कॉफी केली. पहिला कप झाला, दुसरा झाला. आशीर्वादाचा तिसरा घेतल्याशिवाय उठू नये, हे आठवत होतं. पण विमानाची वेळ झाली. भरला कप ठेवून उठलो.

समजलो, ताई. आईच्या मातीला न आलेल्या भावाला दार उघडायचं नव्हतं, तर तसं लिहायचंस. पुन्हा त्रास देणार नाही.

मेकुरिया

अदिस अबाबा, ६ फेब्रुवारी

चि. मेकुरियास, अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

अरे शहाण्या, आपण सूर्य उगवल्यापासून तास मोजतो. आपले आठ म्हणजे तुमच्या रोमकडच्या मोजणीने दुपारचे दोन. पण मला वाटलं, अठरा वर्षं तिकडे काढलेला माणूस तिकडचेच आठ लिहिणार. म्हणून तिकडच्या आठला, सकाळीच, जाऊन उभी राहिले. आणि तू माझ्यासाठी आपले आठ लिहिलेस! देवाने दोघांना एकाच वेळी शहाणपण द्यायला नको होतं.

दुपारपर्यंत उभी होते. तू उतरत असशील, तेव्हा मी परतीच्या बसमध्ये चढले. घरी मात्र आले नाही. भाऊ कुठे आहे म्हणून गल्ली विचारणार, काय सांगू? अंधारून येईपर्यंत मरियमच्या देवळात तोंड लपवून बसले. आणि तू माझ्या उंबऱ्यावर.

कुलूप रागाचं नव्हतं रे, लाजेचं होतं.

आले, तेव्हा तुझा तिसरा कप तसाच होता. आस्कालेच कुणाला हात लावू देईना. कोमट झाला होता. उभ्यानेच प्याले.

आईच्या मातीचं बोलणं अजून शिल्लक आहे. परतताना ये आणि ऐक. तास लिहू नकोस, नुसता दिवस कळव. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत फाटकाशी उभी राहीन.

लोभ आहेच, तो वाढवायला समोर ये.

तुझी,
ताई