शेवग्याखालची पणती

॥ श्री ॥
बदलापूर गाव, १२ ऑगस्ट १९९१

ती. सौ. वृंदावहिनीस,
उमाचा सा. न. वि. वि.

वहिनी, बाळ राहिलं नाही. परवा सकाळी, चौथ्या महिन्यातच सगळं पडून गेलं. महिन्यांच्या मानाने पोट मोठं दिसतंय म्हणून तुम्ही भगवंतदादाबरोबर औषधी पाण्याची बाटली पाठवली होतीत, काही पडलं तर त्यात ठेव म्हणून. सासूबाईंनी ऐकलं नाही. घरचं पोर बाटलीत घालायला ते काय लोणचं आहे, असं म्हणाल्या. हळदकुंकू वाहून त्यांनी ते परसात शेवग्याखाली पुरलं. आता रोज संध्याकाळी तिथे पणती लावतात. त्यांचं रडणं बघून मला काही बोलवेना. बाटली फळीवर आहे, दादा आला की नेईल.

रागवा, पण नणंदेवरची माया आटू देऊ नका.
आपली उमा

॥ श्री ॥
अंबरनाथ, १७ ऑगस्ट १९९१

चि. सौ. उमास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. मुंबईच्या इस्पितळात रोज लोकांचे तुकडे तपासते आणि माझ्याच नणंदेचा मला मिळू नये! वन्सं, नीट ऐक. कधीकधी बाळाऐवजी त्याची वारच बेफाम वाढते, द्राक्षांच्या घोसासारखी. तुकड्याचे पातळ काप करून आम्ही त्यावर रसायन घालतो. वारेच्या पेशींची खूण असेल तिथेच तपकिरी रंग चढतो. कुठली खूण किती उमटली यावरून कळतं, साधा गर्भपात की ती वाढ. ते सगळं आता मातीत गेलं.

निदान दर पंधरवड्याला लघवी तपासायला ये, आणि वर्षभर दिवस राहू देऊ नकोस. वाढ आत उरली तर जिवावर बेतेल. तुझ्या सासूबाईंना, गोदूबाईंना नमस्कार सांग. मी त्यांच्यावर रागावले आहे, हेही सांगितलंस तरी चालेल.

जिवाला जप, एवढंच मागणं.
तुझी वहिनी

॥ श्री ॥
बदलापूर गाव, ९ डिसेंबर १९९१

ती. सौ. वृंदावहिनीस सा. न.

आधी हसा, मग हवं तेवढं रागवा. पाळी चुकली, उलट्या सुरू झाल्या, आणि इथल्या दवाखान्यातली तपासणी दिवस गेल्याचं सांगते! लघवी तपासायला तुमच्याकडे दोनदा आले, मग भातकापणी आली आणि राहून गेलं. ह्यांनी आनंदनगरला अख्ख्या कारखान्यात पेढे वाटले. गुरुवारी चोरओटी आहे. गेलेलं तेच परत आलं, असं सासूबाई म्हणतात आणि पणतीत तेल जरा जास्तच घालतात. खोकला तेवढा सोडत नाही, कधी रक्ताचा धागा दिसतो. थंडीचा असेल.

ओटीला आला नाहीत तर मी बोलणार नाही.
आपली उमा

॥ श्री ॥
अंबरनाथ, २ जानेवारी १९९२

श्री. चंदरराव यांस सप्रेम नमस्कार.

उमेचं पत्र वाचून आम्ही तिला ओटीच्या आदल्या दिवशी उचलून मुंबईला नेलं, तेव्हा तुम्ही माझ्यावर संतापलात. तोंडावर सांगायचा धीर नाही, म्हणून लिहिते. डॉक्टरांनी पिशवीतून काढलेला तुकडा मीच रंगवला. काच भरून तपकिरी झाली. मुलाचा कुठे मागमूस नाही. दिवस गेल्याची म्हणून लघवीत दिसली ती या वाढीचीच खूण. वारेचा कॅन्सर आहे, छातीत पोचलाय. इंजेक्शनं चालू केली आहेत. पुष्कळ जणी बऱ्या होतात, पण आपल्याला फार उशीर झाला.

उमा रोज विचारते, ओटी कधी भरणार. तुम्ही या आणि तुम्हीच सांगा. मला जमत नाही.

आपली वृंदा

बदलापूर गाव, २० मार्च १९९२

सौ. वृंदावहिनींस चंदरचा नमस्कार.

उमेचं तेरावं काल झालं. शेवटपर्यंत तुम्ही तिच्या उशाशी होतात. मी बोललो ते पोटात घाला.

आई जेवत नाही. तुमचं जानेवारीचं पत्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेते. शेवग्याखाली पुरलं त्यात तरी मूल होतं का, एवढंच तिला हवं आहे. आपण कशाला पणती लावत होतो, असं विचारते. आज तिने फळीवरची तुमची बाटली काढली, ओतून रिकामी केली, तिथली माती तीत भरली आणि वहिनी रंग घालून बघतील म्हणून दारात ठेवली.

मातीतून काही कळणार नाही, हे मला समजतं. तरी भगवंतदादांना पाठवा. आईच्या देखत त्यांनी बाटली न्यावी. आणि आठवड्याने कळवा, मूल होतं म्हणून.

एवढी माया आमच्यावर करा.
आपला चंदर